नळी पुसाची नाही

इंदोरा, नागपूर
९ एप्रिल १९७२

कांता,

जय भीम. आनंदालेही सांगजो, अन् मी रागावून आहे हेही सांगजो.

तुम्हाले टेसनावर गाडीत बसवून दिलं त्याले तीन महिने होत आले. तीन महिन्यांत एक कार्ड! मोंबासा का काय त्या गावाहून. "प्रकृती बरी आहे." कोणाची वं? तुझी का जहाजाची? अन् माझ्या भावाची तर त्यावर सहीसुद्धा नाही.

लोक रिटायर झाले का दारासमोर खाट टाकून बसतात. माझा भाऊ एकटाच असा का आख्खा जन्म रेल्वेच्या कारखान्यात पाने फिरवले अन् म्हातारपणी समुद्र ओलांडाले निघाला. तेही कुठं, तर ब्राझील! मी शाळेत जाऊन मास्तरले विचारलं. त्यानं नकाशात दाखवलं. पार त्या टोकाले, भिंतीच्या खिळ्याजवळ. मले तर चक्करच आली. पोरगी विलायतेत नर्स व्हाले गेली, तिथं तिले हा ब्राझीलचा डॉक्टर भेटला, लग्न झालं, आता पोरगी झाली, सगळं मान्य. नात पाहाले गेले, पाहा. पण आनंदानं गाडी सुटता सुटता काय म्हटलं होतं? "दसऱ्याच्या आत येतो, बाई." मी ऐकलं, हमालानंही ऐकलं.

दीक्षा घेतली त्या सालापासून एक दसरा आपण तिघांनी चुकवला नाही. दीक्षाभूमीवरून खेड्यावरची माणसं आपल्या अंगणात उतरतात. पिठलं तू करते, भाकरी मी थापते, पाणी आनंदा भरते. यंदा पाणी कोण भरन? माझी कंबर तुले माहीत आहे.

घर झाडून ठेवते. एकटीचा आवाज घुमते घरात. पत्र लिही, अन् त्याले लिहाले लाव.

तुळसाबाई


पोर्तो आलेग्रे, ब्राझील
३ मे १९७२

तुळसाबाई,

जय भीम. पाया पडते, अन् कानही धरते. पण तुम्हीच सांगा, लिहू कशी? जहाजात डोस्कंच वर निघत नव्हतं. सामानाचं जहाज थे, आम्ही माणसं मोजून दहा-बारा, बाकी पोती. सुएझचा कालवा लढाईपासून बंद, म्हणून आख्ख्या आफ्रिकेले वळसा. बंदर आलं का मुक्काम. पोती उतरव, पोती चढव. आपली वर्ध्याची प्यासिंजर बरी.

डर्बन नावाच्या बंदरात तर आम्हाले खाली उतरूच दिलं नाही. तिथं गोऱ्यांनी कुठं बसाचं अन् बाकीच्यांनी कुठं, याच्या पाट्या लागल्या होत्या. हे कठड्याले धरून धक्क्यावरच्या एका बाकड्याकडं पाहत राहिले. मी म्हटलं, काय पाहता? म्हणाले, "काही नाही. ओळखीचं वाटलं."

मंग सांतोस नावाच्या गावी उतरलो. तिथून मोटारीनं, मधी मधी थांबत, इथं. अन् तेव्हापासून मी सावरलीच नाही, बाई. जावयाची माय घ्याले आली होती. साठीची बाई, ओठाले लाली. पुढं आली अन् यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले! माझ्यासमोर! हे टेलिफोनच्या खांबासारखे उभे. मंग माझे घेतले. प्रेमिला म्हणते, आई, हा इथला नमस्कार आहे. असा कुठं नमस्कार असते?

मे महिना आहे अन् मी दोन स्वेटर घालून लिहून राहिली. तुम्ही तिकडं ओली चादर टांगून बसल्या असाल. इथं उलटं सगळं. नात गोरी-सावळी, गोड आहे. आपण रमा नाव ठेवलं, तर इथले लोक तिले हामा म्हणतात. रोज भात अन् काळा राजमा, तेवढं बरं आहे.

एक सांगते, पण गल्लीत सांगू नका. घरासमोर चौक आहे, झाडं, बाकडी. दुपार कलली का रिटायर माणसं येऊन बसतात. एका वाळल्या तुंब्यात हिरवा पाला कोंबतात, वरून गरम पाणी, अन् त्यात धातूची नळी खुपसतात. एकच नळी! एक माणूस त्या नळीनं ओढून पिते, तुंबा परत देते. भरणारा पुन्हा पाणी भरते अन् दुसऱ्याले देते. थो त्याच नळीनं पिते. मंग तिसरा. धुणं नाही, पुसणं नाही. दुकानदार, पोष्टमन, गवंडी, एका नळीले सगळे तोंड! त्याले शिमाराँव म्हणतात. माझ्या जिभेले जमत नाही, मी शामराव म्हणते. मले पाहूनच ओकारी आली. हे मात्र खिडकीत खुर्ची घेऊन रोज पाहत बसतात.

कांता


इंदोरा, नागपूर
२५ मे १९७२

कांता,

शी, शी, शी! तुझं पत्र वाचून माझा चहा तसाच राहिला. एका नळीले दहा माणसं? कोणाले खोकला, कोणाचे दात सडलेले, कोणी तंबाखू खाऊन आलेला! शिकलेला देश म्हणते अन् उष्टं-खरकटं समजत नाही? जावई डॉक्टर आहे ना? थो काही बोलत नाही? आनंदाले त्या चौकाच्या बाजूले फिरकू देऊ नको, सांगून ठेवते.

मुक्याचं मी जयवंताले सांगितलं. शेजारीण आहे, तिले सांगितलं म्हणजे गल्लीत सांगितलं असं होत नाही. हसून हसून पडली ओट्यावर. आता रोज विचारते, आनंदरावांचे गाल कसे आहेत.

पण एक मले आवडलं नाही. रोज पाहते म्हणजे काय पाहते थो? लहानपणी असा एकटक पाहाले लागला का मले भेव वाटे. गावी पाटलाच्या विहिरीकडं असाच पाहत उभा राहे. बाया पाणी भरून जात, हा तिथंच. आमची माय त्याले दंडाले धरून ओढून आणे. त्याच्या मनात काय चालते थे तोंडातून कधी निघत नाही. तू विचारत जा.

परतीची तिकिटं काढली का?

तुळसाबाई


पोर्तो आलेग्रे
१८ जून १९७२

तुळसाबाई,

परवा या घरात जे झालं थे कसं लिहू समजून नाही राहिलं. बसून वाचा.

त्या चौकात आर्तूर म्हणून म्हातारा आहे, छापखान्यातून रिटायर झालेला. तुंबा भराचं काम त्याचंच. त्यानं आमच्या खिडकीकडं पाहून हात केला, या म्हणून. मी म्हटलं, जाऊ नका. हे उठले, कोट घातला अन् गेले. मी पडद्याआडून पाहून राहिली. आर्तूरनं तुंबा भरला अन् सरळ यांच्या हातात दिला. हातात, बाई. वरून नाही, खाली ठेवून नाही. यांनी नळी तोंडाले लावली. पूर्ण प्याले. मंग हात जोडले, प्रेमिलानं शिकवलेला एकच शब्द म्हटला, ओब्रिगादो, म्हणजे आभारी आहे, अन् तसेच उठून घरी आले.

आले अन् खुर्चीत बसले. मी विचारलं, कसं लागलं? तोंड फिरवलं. मले वाटलं पोटात बिघडलं. पाहते तर डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "कांता, माझ्यानंतर त्यानं नळी पुसली नाही."

मी म्हटलं, बरं.

"मी उठता उठता पाहत होतो. पुसली नाही. पाणी भरलं अन् बाजूच्याले दिला. बाजूच्यानं तशीच तोंडाले लावली."

मंग मले समजलं हे इतके दिवस खिडकीतून काय पाहत होते.

तुम्हाले सगळं माहीत आहे. कारखान्याच्या बाहेरच्या टपरीवर यांचा टवका गेलेला कप वेगळा खिळ्याले टांगलेला असे. स्वतः धुवाचा, स्वतः टांगाचा. कायदा झाला, दीक्षा झाली, पगार वाढला, कप खिळ्यालेच. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार घेऊन आले अन् थो कप पिशवीतून काढून आपल्या ओट्यावर फोडला. तुकडे तुम्हीच भरले होते.

आता मले ओकारी येत नाही. लाज वाटते का आली होती.

इथं सगळं गोडच आहे असं नका समजू. झाडू कोणाच्या हातात आहे थे माझ्या डोळ्यांले पहिले दिसते, अन् इथं थो काळ्या माणसाच्याच हातात आहे. पण यांच्या हातात तुंबा आला, हे मी पाहिलं.

तिकिटांचं पाहू. अजून वेळ आहे.

कांता


इंदोरा, नागपूर
७ जुलै १९७२

कांता,

पत्र वाचलं अन् बाहेर जाऊन ओट्याची थे जागा पाहून आली, जिथून मी तुकडे भरले होते. एक बारका तुकडा फटीत अजून आहे. काढला नाही.

खूप रडली. मंग तोंड धुतलं अन् पत्राचा शेवट पुन्हा वाचला. "तिकिटांचं पाहू" म्हणजे काय? "अजून वेळ आहे" म्हणजे काय? मी म्हातारी आहे, भैताड नाही. ज्याले जन्मात पहिल्यांदा कोणी हातात दिलं थो परत कशाले येईन? मलेच विचारलं तर मीही नाही येणार.

पण इथं मी आहे ना वं! त्याले सांग का बाई विचारते, इथं मी नाही का हातात देत? मी तर त्याच्या ताटातलं खाऊन मोठी झाली अन् थो माझ्या. बहिणीच्या हाताची काही किंमत नाही?

रागानं लिहून राहिली, तसंच वाच. त्याले वाचून दाखवू नको. नाही, दाखव.

तुळसाबाई


पोर्तो आलेग्रे
२६ जुलै १९७२

तुळसाबाई,

आम्ही येतो. नऊ सप्टेंबरचं जहाज आहे. दसऱ्याले पोचू का नाही सांगता येत नाही, पण येतो.

काय झालं थे लिहिते. त्या दिवसानंतर पाऊस अन् बोचरा वारा, चौक रिकामाच होता. मधल्या काळात एक आपल्याकडचे प्रोफेसर जेवाले आले. इथल्या कॉलेजात शिकवतात. आपली बोली ऐकून मले इतका आनंद झाला, मी वडाभात केला. त्यांनी यांचं नाव विचारलं. आडनाव विचारलं. थोड्या वेळानं आडनाव पुन्हा विचारलं. मंग "नागपूरले कोणत्या भागात?" हे म्हणाले, इंदोरा. "अच्छा, अच्छा," म्हणाले. थे अच्छा तुम्हाले माहीत आहे. भात अर्धा टाकून उठले. थे रोज याच चौकातून फिराले जातात.

मंग ऊन पडलं. हे नव्या स्वेटरवर कोट घालून चौकात गेले. आर्तूरनं पहिला तुंबा यांना दिला. हे प्याले, हात जोडले, आभार मानले, परत दिला. या वेळी उठले नाही, बसून राहिले. तुंबा फिरत फिरत यांच्यापर्यंत आला अन् यांच्यावरून पुढं गेला. यांना वाटलं, चुकला असन. पुन्हा फिरला. डावीकडच्याले दिला, उजवीकडच्याले दिला. मधी हे. मी खिडकीतून पाहून राहिली होती, बाई. तिसऱ्या वेळेले हे उठून आले.

कोटही काढला नाही. म्हणाले, "समजलं त्यांना. समुद्र ओलांडला तरी कप खिळ्यालेच."

तेव्हापासून खिडकीचा पडदा लावलेला आहे. जेवतात तेवढं जेवतात. रमाले घेत नाही. आर्तूर दोनदा दाराशी आला, काही तरी विचारत होता. हे न्हाणीघरात जाऊन बसले, मी त्याच्या तोंडावर दार लावलं. आता कशाले आला? बघाले?

प्रेमिला रडून राहिली, काय झालं विचारते. तिले सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याचेच लोक आहेत, तिचा संसार आहे. म्हटलं थंडी सोसत नाही.

तुम्ही म्हणत होत्या तेच खरं. खाट उन्हात टाका.

कांता


इंदोरा, नागपूर
१४ ऑगस्ट १९७२

कांता,

हे पत्र पडलं का उभ्यानं वाच, चूल बंद कर.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पहिले खूप रागावली. त्या प्रोफेसरले इतक्या शिव्या दिल्या का जयवंता कानावर हात ठेवून पळाली. अन् मंग, लिहाले लाज वाटते, पण आनंद झाला. भाऊ येते! खाट उन्हात टाकली. गादीचा कापूस पिंजून आणला. त्याले आवडते म्हणून अंबाडीचं लोणचं घातलं. गाणं म्हणत होती मी, कांता, माझा भाऊ तिकडं पडद्याआड बसला होता अन् मी गाणं म्हणत होती.

काल विहारात वर्षावासाचं वाचन होतं. नंतर खीर. वाढाले मी. रांगेत धोंडबा बसला होता, उमरेडकडचा म्हातारा. मी खीर घेऊन वाकली, त्यानं दोन्ही हात जोडले. मी पुढं सरकली. धोंडबा मागून ओरडला, "अवो बाई, मी जय भीम केला! खीर नको कुठं म्हटलं?"

आख्खी रांग हसली. मी नाही हसली. पातेलं घेऊन तशीच उभी राहिली.

कांता, आनंदा हात जोडते. कोणी काही दिलं का हात जोडते. लहानपणी आम्ही दारोदार भाकर मागाले जात असू तेव्हा मायनं शिकवलं होतं, भेटलं का हात जोडाचे अन् मागं सराचं, अजून मागाचं नाही. ती सवय त्याच्या हाडात आहे. त्याच्या स्वतःच्या लग्नात त्याच्या पानात जिलबी एकच पडली, विसरली का? वाढणाऱ्याले पहिल्याच जिलबीले हात जोडून बसला नवरदेव. वाढणारा काय समजन? पुरे समजून पुढं गेला. मंग तू तुझ्यातली लपून दिली होती.

आता आठव. तुंबा परत देताना त्यानं काय केलं? तूच लिहिलं, दोन्ही पत्रांत लिहिलं. हात जोडले, आभार मानले. पहिल्या दिवशी थो उठूनच आला म्हणून समजलं नाही. दुसऱ्या वेळी बसून राहिला. त्या लोकायले वाटलं असन, म्हाताऱ्याचं झालं, पुरे म्हणून राहिला. त्याच्या जातीचा काही संबंधच नसन!

जावयाले विचार. त्याच्याशी लाज कसली? सगळं सांग. इंदोराही सांग, कपही सांग. अन् मंग विचार, तुमच्यात पुरे झालं तर माणूस काय करते?

माझं चुकलं असन तर या. खाट तयार आहे. माझं बरोबर असन तर काय होईन थे मले माहीत आहे. थो येणार नाही. मी सकाळी पोष्टाच्या पेटीपर्यंत जाऊन हे पत्र परत घरी आणलं. वाटलं, गप राहा तुळसा, भाऊ घरी येते. पण थो येईन थो मान खाली घालून येईन, अन् मरेपर्यंत म्हणन का समुद्रापल्याडही कप खिळ्यालेच. तसा भाऊ मले नको.

आता जाऊन टाकते. पुन्हा वाचत नाही, नाही तर हिंमत जाईन.

तुळसाबाई


पोर्तो आलेग्रे
११ सप्टेंबर १९७२

तुळसाबाई,

तुम्ही बरोबर होत्या.

पत्र आलं त्याच संध्याकाळी जावयाले, पाउलोले, समोर बसवलं. हे बोलले, प्रेमिलानं त्याच्या बोलीत सांगितलं. कपाचं आलं तशी प्रेमिलाच थांबली. तिलेही माहीत नव्हतं, बाई. आपण पोरीले कधी सांगितलंच नव्हतं, अभ्यासात तिचं मन मोडू नये म्हणून. ती बापाकडं पाहत राहिली. पाउलो म्हणे, काय म्हणतात, सांग ना. मंग तिनं सांगितलं, अन् त्याचं तोंड उतरलं.

मंग त्यानं एकच विचारलं. "तुंबा परत देताना बाबा काय म्हणाले?"

हे म्हणाले, "ओब्रिगादो."

पाउलोनं कपाळाले हात लावला. इथं तुंबा फिरत असताना कोणी आभार मानत नाही! आभार मानले म्हणजे पुरे, आता मले देऊ नका. लहान पोट्ट्यालेही माहीत असते. प्रेमिलालेही माहीत होतं, पण चौकात काय झालं हे तिले आम्ही सांगितलं कुठं? यांनी तर वरून हातही जोडले होते!

पाउलो तसाच उठून आर्तूरले घेऊन आला. म्हातारा दारातच हात पसरून उभा. म्हणे, आम्हाले वाटलं यांना कडू आवडत नाही, मंग पाहुण्याले जबरदस्ती कशाले? विचाराले आलो तर तुमच्या बाईनं तोंडावर दार लावलं. आम्हाले वाटलं आमचंच काही चुकलं. बाई, धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं मले. मी त्याच्यासमोर गाल केला, मीच! घे म्हटलं बाप्पा, तुझा नमस्कार.

त्या प्रोफेसरनं कोणाले काही सांगितलं नव्हतं. पण त्याचं अच्छा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी हे चौकात गेले. तुंबा हातातून गेला का दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत, चुकून जोडले जाऊ नये म्हणून. तोंड घट्ट मिटलेलं. तुंबा गेला, पुन्हा आला. गेला, पुन्हा आला. रातभर मोरीच्या चकरा मारल्या अन् दर वेळी हसत परत आले.

पुढचं माझ्यानं लिहवत नाही. थे स्वतः लिहितात.

कांता


बाई,

इतक्या महिन्यांत मी एक ओळ लिहिली नाही. येतो का नाही हेच मनात ठरत नव्हतं, मंग लिहू काय?

परवा जहाज गेलं. आम्ही त्यात नव्हतो.

तू गप राहिली असती तर मी आता तुझ्याकडं येत असतो. तुले हे माहीत होतं अन् तरी तू लिहिलं. तुझं पत्र खिशात घेऊन चौकात गेलो अन् पोरासारखा रडलो. आर्तूरनं विचारलं, काय झालं. सांगावं तर माझ्याजवळ त्यांच्या बोलीत तेवढे शब्द नाही. त्यानं तुंबा भरून दिला.

मले इथं बसाचं आहे, बाई. किती दिवस, माहीत नाही. कंटाळा येईपर्यंत बसाचं आहे. या गोष्टीचा कंटाळा येणं हे सुख मी कधी पाहिलं नाही. यंदा दसऱ्याले पाणी भराले मी नाही. हे लिहिताना माझी मान खाली आहे, पण तुझ्यासमोरच. दुसऱ्या कोणासमोर नाही.

एक तुंबा, नळी अन् पाला पाठवून राहिलो. कसं कराचं थे पाउलोनं चित्र काढून दिलं आहे.

तुझे आभार मानत नाही. काहून, थे आता तुले माहीत आहे.

आनंदा


इंदोरा, नागपूर
२४ ऑक्टोबर १९७२

आनंदा अन् कांता,

दसरा झाला. पाणी मीच भरलं, कंबर गेली. हांडा उचलताना दर वेळी तुझ्या नावानं बोटं मोडली. लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाले गैरसमज नको का तुळसा मोठ्या मनाची आहे. तुझं पत्र वाचून दोन दिवस चूल पेटवली नाही. मले सगळं आधीच माहीत होतं तरी धक्का बसला. माहीत असणं अन् होणं यात फरक असते बाप्पा.

पार्सल दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. अंगणात खेड्यावरच्या बाया उतरल्या होत्या. पाउलोच्या चित्रावर पाहून केलं. आवं माय माय माय! काय कडूजहर! कडुनिंबाचा बाप! ह्याच्यासाठी माझा भाऊ तिकडं राहिला? गोपिकानं तर थुंकूनच दिलं. यमुताई म्हणे, "नळी पुसून द्या ना वं बाई." मी म्हटलं, नळी पुसाची नाही. तसंच प्या नाही तर राहू द्या. प्याल्या सगळ्या तोंडं वाकडी करून. आपल्याच बाया, त्यात काय मोठं.

तितक्यात मागल्या गल्लीतली रुखमाबाई आली, कोथिंबीर मागाले. तुम्हाले माहीत आहे, तिच्या पोरीचं बाळंतपण मी केलं, तिच्या नवऱ्याच्या आजारात धंतोलीच्या दवाखान्यात मी बसली, पण माझ्या घरचं पाणी तिच्या ओठाले कधी लागलं नाही. तहान लागली का तिले तिचं घर आठवते. माझ्या डोस्क्यात काय आलं कोणाले माहीत. मी तुंबा भरला अन् सरळ तिच्या हातात दिला.

तिनं घेतला, आनंदा. घेतला! नळीकडं पाहत राहिली. मंग म्हणे, "मले पित्त आहे वं तुळसा." अन् तुंबा ओट्यावर ठेवला. हळूच ठेवला, पण ठेवला. कोथिंबीर घेतली अन् गेली.

मी भाकरी थापाले बसली तर एकही गोल होईना. तू तिथं काहून बसला थे मले तेव्हा समजलं. तुझ्या पत्रानं नव्हतं समजलं. तुझ्यावरचा राग तेवढा कमी झाला. पूर्ण गेला नाही.

आता रोज दिवस कलला का ओट्यावर बसते अन् पिते. पहिला माझा, दुसरा तुझ्या नावाचा, थोही मीच पिते. कडू लागते, पण सवय लागून राहिली. रुखमाबाई जाता-येता पाहते. पाहू दे. मी तुंबा तिच्या वाटेच्या बाजूलेच ठेवते.

पाला संपत आला आहे. अजून पाठव. मी काही आभार मानले नाहीत.

तुळसाबाई